सी-स्पॅन : अमेरिकेचे राजकारण काटछाट न करता दाखवणारी वाहिनी

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाविषयी मराठी घरांत जेवढे बोलले जाते, त्याच्या निम्म्यानेही त्या देशाच्या कायदेमंडळाविषयी बोलले जात नाही. राष्ट्राध्यक्ष काय म्हणाला, त्याने कोणत्या देशावर किती आयात शुल्क लावले, व्हिसाचे नियम कसे बदलले आणि आपल्या पंतप्रधानांशी त्याचे सध्या जमते की बिनसले आहे, एवढ्यातच आपली अमेरिकेविषयीची चर्चा संपते. घरातले कोणी न्यू जर्सीत किंवा टेक्सासात नोकरीला असले, की या उत्सुकतेत काळजीही मिसळते. पण ती शमवायला हाताशी असतात त्या आपल्या वाहिन्यांवरच्या मिनिटभराच्या चित्रफिती, किंवा सीएनएन आणि फॉक्स न्यूज यांवरील वादावादीचे समाजमाध्यमांतून फिरणारे तुकडे. म्हणूनच सी-स्पॅन या अमेरिकी सेवेचे परीक्षण मराठी वाचकांसमोर ठेवावे असे वाटले. दुरून अमेरिका समजून घेऊ पाहणाऱ्या माणसाला याहून उपयोगाची दुसरी सेवा माझ्या पाहण्यात नाही, आणि तिचा आपल्या कामाचा भाग जवळजवळ सगळाच फुकट मिळतो.

या वाहिनीचा जन्म १९ मार्च १९७९ रोजी झाला. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे, म्हणजे कायदेमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाचे, कामकाज दूरचित्रवाणीवरून दाखवण्यास त्याच दिवशी प्रारंभ झाला आणि त्या दिवशी गृहात पहिले भाषण केले ते टेनेसीचे तरुण सदस्य अल गोर यांनी, जे पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाले. सिनेटने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, कॅमेऱ्यांना दार उघडायला १९८६ साल उजाडले. तिच्यासाठी दुसरी वाहिनी निघाली आणि २००१ मध्ये तिसरी. संस्थापक ब्रायन लॅम्ब यांची कल्पना साधी होती: घडते ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवावे आणि मध्ये कोणी समालोचक बसवू नये. ही सरकारी वाहिनी असावी असा अनेकांचा समज होतो, पण तो खरा नाही. ती ना-नफा संस्था आहे आणि केबल कंपन्या आपल्या प्रत्येक ग्राहकामागे दरमहा जे काही थोडे सेंट देतात, त्यावर ती चालते. आपल्याकडे लोकसभा टीव्ही आणि राज्यसभा टीव्ही यांना एकत्र करून २०२१ मध्ये संसद टीव्ही करण्यात आली, ती मात्र संसदेचीच वाहिनी आहे. कारभाराच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, आणि पडद्यावर तो कुठे दिसतो व कुठे दिसत नाही, हे पुढे येईलच.

या सेवेत सर्वांत मोलाचे काय असेल, तर समित्यांच्या सुनावण्या. सभागृहातील भाषणांपेक्षा माझे मत त्यांच्याच बाजूने पडेल. आपल्या संसदेतही स्थायी समित्या आहेत आणि त्या बरेच चांगले काम करतात, पण त्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. मंत्रालयाच्या सचिवाला कोणत्या खासदाराने काय विचारले आणि त्याने काय उत्तर दिले, हे आपल्याला कळते ते अहवाल आल्यावर, आणि तेही मोघम शब्दांत. अमेरिकेत सुनावणी उघडी असणे हा नियम आहे आणि ती बंद ठेवायची तर कारण द्यावे लागते. त्यामुळे मंत्री, सेनाधिकारी, बँकांचे प्रमुख, समाजमाध्यम कंपन्यांचे मालक आणि साधे नागरिक एकाच प्रकारच्या टेबलामागे बसून, शपथ घेऊन किंवा लेखी निवेदन सादर करून, प्रश्नांना सामोरे जाताना दिसतात.

याचे एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. एच-१बी व्हिसाच्या बातम्या आपण नेहमी आपल्या बाजूने वाचतो: कोटा किती, सोडतीत नाव लागले का, शुल्क किती वाढले. फेब्रुवारी २०१६ मध्ये सिनेटच्या न्यायविषयक समितीच्या स्थलांतर उपसमितीने या व्हिसाच्या परिणामांवर सुनावणी घेतली. अध्यक्षस्थानी अलाबामाचे सिनेटर जेफ सेशन्स होते. साक्षीदारांत फ्लोरिडातील एका बड्या कंपनीतून कमी केलेला संगणक विभागाचा कर्मचारी होता. नोकरी जाण्याआधी आपली जागा घेणाऱ्या परदेशी माणसाला काम शिकवावे लागले, हे सांगताना त्याचा आवाज दाटून आला आणि त्याला बोलणे अवघड झाले. वृत्तवाहिन्यांनी तेवढाच भाग दाखवला. संपूर्ण सुनावणी पाहणाऱ्याला मात्र पुढची प्रश्नोत्तरेही ऐकायला मिळतात: किमान वेतनाची अट कोणत्या पळवाटेने निष्प्रभ होते, मध्यस्थ कंपन्या हे काम कसे मिळवतात, आणि व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला असल्याने परदेशी कर्मचाऱ्याचीही कोंडी कशी होते. या विषयावर काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकेच्या कायदेमंडळासमोर, अनेकदा साक्ष दिलेले रॉन हिरा हे प्राध्यापक स्वतः भारतीय वंशाचे आहेत, आणि तरीही त्यांची टीका या व्यवस्थेवर अत्यंत कडक आहे. हिंजवडीत किंवा ऐरोलीत बसून व्हिसाची वाट पाहणाऱ्या तरुणाने हे जरूर ऐकावे. ऐकून त्याने मत बदलावे असे माझे म्हणणे नाही. पण समोरच्या माणसाची तक्रार नेमकी काय आहे हे त्याला कळेल, आणि 'अमेरिकनांना आपण नकोसे झालो आहोत' या एका वाक्यापेक्षा ते कितीतरी जास्त आहे.

दुसरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे रोज सकाळी होणारा 'वॉशिंग्टन जर्नल' हा कार्यक्रम. वॉशिंग्टनला सकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच झालेले असतात, त्यामुळे चहाच्या वेळी तो थेट पाहता येतो. निवेदक वर्तमानपत्रांतील मथळे वाचून दाखवतो आणि देशभरातून लोक फोन करतात. डेमोक्रॅट, रिपब्लिकन आणि अपक्ष यांच्यासाठी फोनच्या वेगवेगळ्या लाइनी ठेवलेल्या असतात आणि एका माणसाने तीस दिवसांत एकदाच फोन करावा अशी विनंती केली जाते. निवेदक वाद घालत नाही, हसत नाही, कोणाला सुनावत नाही. फार तर एखादा प्रश्न विचारून पुढच्या फोनकडे वळतो. आपल्या प्राइम टाइमच्या चर्चांची सवय झालेल्या कानांना सुरुवातीला हे फार थंड वाटते. पण ओहायोतील निवृत्त कामगार, ॲलाबामातील शिक्षिका, ॲरिझोनातील छोटा दुकानदार अशी माणसे एकामागून एक बोलू लागली, की सर्वेक्षणांच्या टक्केवारीत न सापडणारा अमेरिकी मतदार आपल्याला ऐकू येतो. त्यातले काही फोन अज्ञानाचे, काही द्वेषाचे आणि काही अगदीच भरकटलेले असतात, आणि वाहिनी तेही ऐकवते.

१ ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकेत सरकारी कामकाज ४३ दिवस ठप्प झाले, तेव्हा आपल्याकडे अनेकांना प्रश्न पडला की खर्चाचे विधेयक मंजूर होत नाही, मग सरकार पडत कसे नाही? आपल्या पद्धतीत अर्थविधेयक फेटाळले गेले की मंत्रिमंडळाला जावे लागते. तिकडे राष्ट्राध्यक्षाची मुदत ठरलेली असते, खर्चाची किल्ली मात्र काँग्रेसकडे असते, आणि दोघांचे जमले नाही तर दोघेही आपापल्या जागी राहतात व कार्यालये बंद होतात. ९ ऑक्टोबरला प्रतिनिधिगृहाचे सभापती माइक जॉन्सन 'वॉशिंग्टन जर्नल'मध्ये लोकांचे फोन घेत होते. व्हर्जिनियातून एका सैनिकाच्या पत्नीने फोन केला, तोही रिपब्लिकन पक्षाच्या, म्हणजे सभापतींच्याच पक्षाच्या लाइनीवर. आपली दोन मुले आजारी आहेत, पगार चुकला तर त्यांची औषधे आणता येणार नाहीत, तुमच्या हातात गृह बोलावणे आहे ते बोलवा, असे तिने रडवेल्या आवाजात सांगितले. सभापतींनी सहानुभूती दाखवली आणि दोष डेमोक्रॅटिक पक्षाला दिला. गृह काही त्यांनी बोलावले नाही. दोन दिवसांनी राष्ट्राध्यक्षांनी सैनिकांचे पगार उपलब्ध निधीतून करण्याचा आदेश दिला. सत्तेच्या वाटणीचा हा प्रकार पाठ्यपुस्तकातील प्रकरणे वाचून एवढा स्पष्ट होणार नाही: बाईचा फोन सभापतीला, उत्तर विरोधी पक्षाच्या नावाने, आणि पगार राष्ट्राध्यक्षाच्या आदेशाने.

सभागृहाच्या प्रक्षेपणाबाबत मात्र एक मर्यादा वाचकाने आधीच समजून घ्यावी. दोन्ही सभागृहांतील कॅमेरे सी-स्पॅनचे नाहीत. ते त्या त्या सभागृहाच्या ताब्यात असतात आणि एरवी बोलणाऱ्या सदस्यावर आणि व्यासपीठावरच खिळलेले असतात. बाके रिकामी आहेत की भरलेली, हे त्यातून कळत नाही. १९८४ मध्ये रिपब्लिकन सदस्य न्यूट गिंग्रिच आणि त्यांचे सहकारी दिवसाचे कामकाज संपल्यावर रिकाम्या गृहात तावातावाने भाषणे करीत, आणि घरी पाहणाऱ्याला वाटे की विरोधक निरुत्तर होऊन बसले आहेत. सभापती टिप ओनील यांनी एके दिवशी कॅमेरा संपूर्ण गृहावर फिरवायला लावला आणि रिकामी बाके देशाला दिसली. त्यावरून पुढे मोठा वाद झाला. आजही परिस्थिती फारशी निराळी नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ पासून मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात आहेत. त्यांची किंवा इतर कोणत्याही सदस्याची छोटी भाषणे मराठी माणसाने कौतुकाने पाहावीत, पण समोर फार कोणी नसण्याची शक्यता ध्यानात ठेवूनच.

कॅमेरे मोकळे सुटले की काय दिसते, ते जानेवारी २०२३ मध्ये जगाने पाहिले. सभापती निवडला गेलेला नव्हता, त्यामुळे गृहाचे नियम लागू झाले नव्हते आणि सी-स्पॅनला स्वतःचे कॅमेरे वापरता आले. केविन मॅकार्थी यांना निवडून यायला चार दिवस आणि मतदानाच्या पंधरा फेऱ्या लागल्या. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे परस्परविरोधी पक्षांचे सदस्य कोपऱ्यात कुजबुजताना दिसले, चौदाव्या फेरीनंतर संतापलेल्या एका सदस्याला दुसऱ्याने तोंडावर हात ठेवून मागे ओढल्याचेही दिसले. सभापती निवडला गेला, नियम लागू झाले आणि कॅमेरे पुन्हा व्यासपीठावर आले. तो मोकळेपणा कायमचा द्यावा ही वाहिनीची जुनी मागणी आहे आणि ती मला पूर्णपणे न्याय्य वाटते. खासगी संस्था असूनही सभागृहाच्या आत तिचा हात आपल्या संसद टीव्हीइतकाच बांधलेला आहे.

राष्ट्राध्यक्षांच्या मूल्यमापनाचे या संस्थेचे एक सर्वेक्षण प्रसिद्ध आहे. २०००, २००९, २०१७ आणि २०२१ मध्ये तिने इतिहासकारांकडून दहा निकषांवर राष्ट्राध्यक्षांना गुण घेतले. चारही वेळा अब्राहम लिंकन पहिले आले. २०२१ मध्ये ओबामा दहावे आणि ट्रम्प आपल्या पहिल्या कारकिर्दीनंतर एक्केचाळिसावे होते. ही यादी अमेरिकी अभ्यासक आपल्या नेत्यांकडे कसे पाहतात हे कळण्यासाठी उत्तम आहे, पण तिच्यात परदेशी डोळ्यांना जागा नाही, आणि हा दोष मला खटकतो. रिचर्ड निक्सन यांचे उदाहरण घ्या. नैतिक अधिकाराच्या निकषात ते तळाला जातात, परंतु परराष्ट्रसंबंधांत चीनचे दार उघडल्याबद्दल त्यांना तुलनेने चांगले गुण मिळतात. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातील हत्याकांडाकडे त्यांनी पाठ फिरवली आणि बंगालच्या उपसागरात सातवे आरमार धाडले, हे ज्या पिढीने रेडिओवर ऐकले, तिच्या गुणपत्रिकेत ते दोन्ही विषयांत नापास आहेत. उलट ओबामा नोव्हेंबर २०१० मध्ये मुंबईत मणिभवनाला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात गेले, तिथे विद्यार्थ्यांनी त्यांना पाकिस्तानविषयी अडचणीचे प्रश्न विचारले, आणि त्या एका भेटीवरून आपल्याकडे त्यांच्याबद्दल जे अनुकूल मत झाले, त्याचा त्यांच्या देशांतर्गत कारभाराशी फारसा संबंध नव्हता. परदेशी लोकांची राष्ट्राध्यक्षांविषयीची मते अशीच बनतात: आपल्या सीमेवर त्याने काय केले आणि आपल्या शहरात येऊन तो काय बोलला, यावरून.

हे दृष्टीचे अंतर कमी करण्याचे काम या सेवेचा ऑनलाइन संग्रह करतो. १९८७ पासूनचे प्रक्षेपण त्यात जतन केले आहे आणि ते कोणालाही पाहता येते. वक्त्याच्या नावाने, तारखेने किंवा उच्चारलेल्या शब्दाने शोध घेता येतो, मजकुरावर टिचकी मारली की चित्रफीत नेमकी त्या वाक्यापाशी सुरू होते. भारत-अमेरिका अणुकराराचे पाहा. जुलै २००८ मध्ये लोकसभेतील विश्वासदर्शक ठरावाचे नाट्य आपण सर्वांनी पाहिले, आणि करार म्हणजे जॉर्ज बुश आणि मनमोहन सिंग यांच्या मैत्रीचे फळ अशी आपली समजूत झाली. पण करार अमलात यायचा तर काँग्रेसची मंजुरी हवी होती. प्रतिनिधिगृहाने २७ सप्टेंबरला २९८ विरुद्ध ११७ मतांनी आणि सिनेटने १ ऑक्टोबरला ८६ विरुद्ध १३ मतांनी ती दिली. सिनेटमधील चर्चेत बायरन डॉर्गन यांनी जो विरोध केला, तो भारतद्वेषातून आलेला नव्हता. अण्वस्त्रप्रसारबंदीच्या व्यवस्थेला आपणच भगदाड पाडत आहोत, ही त्यांची तक्रार होती. ती पटो वा न पटो, करार दोन नेत्यांच्या हस्तांदोलनावर झाला नाही हे ती चर्चा ऐकताना उमगते. नरसिंह रावांचे १९९४ मधील आणि वाजपेयींचे २००० मधील काँग्रेसच्या संयुक्त बैठकीपुढचे भाषण ऐकताना टाळ्या कोणत्या वाक्याला पडल्या आणि कोणत्या वाक्याला शांतता होती, हेही लक्ष देऊन पाहण्याजोगे आहे.

आता दोष. पहिला आणि मोठा दोष म्हणजे संदर्भ दिला जात नाही. कोणते विधेयक, कोणती दुरुस्ती, 'क्लोचर' म्हणजे काय, साठ मते कशासाठी हवीत, हे पडद्यावरची एखादी ओळ सोडली तर कोणी समजावून सांगत नाही. समालोचक नसणे हे या वाहिनीचे ब्रीद आहे हे मान्य. तरीही परदेशी प्रेक्षकासाठी संकेतस्थळावर प्रक्रियेची सोपी माहिती ठळकपणे ठेवली तर ब्रीद मोडणार नाही. दुसरे, शोधासाठीचा मजकूर प्रक्षेपणाच्या वेळच्या उपशीर्षकांतून घेतलेला असतो आणि तो तपासलेला नसतो; भारतीय नावांचे त्यात इतके हाल होतात की शोध घेताना दोन-तीन प्रकारे वर्णलेखन करून पाहावे लागते. तिसरे, तिन्ही वाहिन्या दूरचित्रवाणीवर दिसतात तशा पाहायच्या तर अमेरिकी केबलची किंवा तशा टीव्ही सेवेची वर्गणी लागते. सभागृहांचे कामकाज, सुनावण्या आणि व्हाइट हाउसच्या पत्रकार परिषदा मात्र संकेतस्थळावर, मोबाइल ॲपवर आणि यूट्यूबवर फुकट मिळतात. सर्वोच्च न्यायालयाचे चित्र येथेही मिळणार नाही, कारण ते न्यायालय कॅमेऱ्यांना परवानगी देत नाही. २०२० पासून युक्तिवादांचा आवाज तेवढा थेट ऐकता येतो.

कंटाळा येतो का? येतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. सिनेटमध्ये गणपूर्तीची हाक, म्हणजे पुरेसे सदस्य हजर आहेत का याची मोजणी, चालू असते तेव्हा पडद्यावर बराच वेळ काहीही घडत नाही आणि मागे पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजत राहते. मात्र त्याच वाहिनीवर ३१ मार्च २०२५ रोजी संध्याकाळी सिनेटर कोरी बुकर बोलायला उभे राहिले आणि पंचवीस तास पाच मिनिटे बोलून, १९५७ मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकाला विरोध करताना स्ट्रॉम थर्मंड यांनी केलेला विक्रम त्यांनी मोडला. आपल्या बातम्यांत तो विक्रम म्हणून आला. त्या भाषणात आरोग्यविमा, निवृत्तिवेतन आणि शिक्षण यांवर मतदारांची जी पत्रे त्यांनी वाचली, ती ऐकायची असतील तर दुसरीकडे कुठे जाणार?

वृत्तवाहिन्यांशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. अमेरिकी माध्यमांविषयी आपले मत बहुधा टोकाचे असते: एक तर ती निर्भीड, नाही तर सगळीच विकली गेलेली. फॉक्स न्यूजने २०२० च्या निवडणुकीतील खोट्या दाव्यांवरून मतदानयंत्रे बनवणाऱ्या कंपनीला ७८.७५ कोटी डॉलर देऊन २०२३ मध्ये खटला मिटवला, हे खरे; आणि समोरच्या बाजूच्या वाहिन्याही आपापल्या प्रेक्षकांना आवडेल तेच जास्त दाखवतात, हेही खरे. पण हा सगळा गदारोळ ज्या कच्च्या मालावर उभा असतो, तो नागरिकाला जसाच्या तसा तपासता येतो, ही सोय त्याच देशाने चार दशकांहून अधिक काळ टिकवली आहे. मला त्याचा मनापासून आदर वाटतो. त्याच वेळी चिंताही वाटते, कारण अमेरिकेत लोक केबल सोडू लागले आहेत आणि ग्राहकामागच्या सेंटांवर चालणाऱ्या संस्थेचे उत्पन्न त्यामुळे आटत चालले आहे. परदेशातून पाहणाऱ्यांसाठी ऐच्छिक वर्गणीची सोपी सोय ठळकपणे दिली, तर मी आनंदाने पैसे भरीन.

नव्याने पाहू इच्छिणाऱ्याने थेट सभागृहापासून सुरुवात करू नये. आधी संग्रहात आपल्या जिव्हाळ्याचा एखादा विषय शोधावा, मग तो व्हिसा असो, औषधांच्या किमती असोत किंवा आयात शुल्क, आणि त्यावरची एक सुनावणी पूर्ण पाहावी. प्रतिनिधिगृहाच्या समितीत प्रत्येक सदस्याला साधारण पाच मिनिटे मिळतात. त्यातले कोण प्रश्न विचारतो आणि कोण आपल्या मतदारसंघासाठी चित्रफीत तयार करतो, हे तासाभरात ओळखता येऊ लागते. आठवडाभर 'वॉशिंग्टन जर्नल' ऐकावे. राष्ट्राध्यक्षांचे काँग्रेसपुढील वार्षिक अभिभाषण आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमारास सुरू होते. ते येथेच पाहावे, आणि भाषण संपताच वाहिनी बंद न करता त्यानंतर येणारे फोनही ऐकावेत. राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांना तर माझी आग्रहाची विनंती आहे की तुलनात्मक शासनपद्धतीच्या तासाला यातली एक सुनावणी वर्गात लावावी. त्यासाठी इंटरनेट आणि प्रोजेक्टर यांखेरीज काहीही लागत नाही.